जुनी एमजीबी घेताना पैसे पत्र्याचे मोजा, इंजिनाचे नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या एका वाचकाने 1973 ची लाल एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, पाहून ठेवली आहे. रंग नवा, चाकं तारांची, दाराखाली स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत पट्ट्या. विकणारा म्हणतो, ‘इंजिन नुकतंच बांधलंय’. बजेट दहा हजार पौंडांच्या आसपास. पाहताना काय तपासायचं, रबरी बंपरवाली स्वस्तात मिळते ती घ्यावी का, आणि पुढेमागे ही गाडी पुण्याला नेता येईल का?

उत्तर सिलपासून, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या लांब पेटीपासून, सुरू करतो, कारण या गाडीचा सौदा तिथेच ठरतो.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पक्क्या छपराची जीटी धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळे तिचा सुटा भाग मिळत नाही असं जवळपास होत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग सगळं मिळतं आणि त्या मानाने स्वस्त मिळतं. महाग पडतो तो पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. रोडस्टरला छप्परही नसल्यामुळे गाडी मधोमध वाकू न देण्याचं बहुतेक काम दाराखालच्या दोन सिल करतात. त्या कुजल्या असतील तर वरचा रंग कितीही आरशासारखा असो, गाडी उभी आहे ती फक्त सवयीने.

सिल म्हणजे एकच पत्रा नाही. बाहेरचा पत्रा दिसतो. त्याच्या आत एक उभा पडदा असतो, त्याच्या आत केबिनच्या बाजूचा पत्रा, आणि तळाला जो तुकडा असतो त्याला इंग्रज ‘कॅसल सेक्शन’ म्हणतात, कारण त्याची कड किल्ल्याच्या तटावरच्या चऱ्यांसारखी खाचाखाचांची असते. त्या खाचा आतलं पाणी निघून जावं म्हणून आहेत. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, मागच्या बाजूला साठतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मुरतं आणि तो ओला लगदा सिलच्या पुढच्या टोकावर वर्षानुवर्षं बसून राहतो. त्यात कोणी हौसेने खालून जाड डांबरी लेप मारून खाचा बुजवल्या, की पाणी आतच कोंडतं. म्हणून गंज आतून बाहेर येतो. बाहेर बोटाएवढा फोड दिसेपर्यंत आतला पडदा बहुधा गेलेला असतो.

आता त्या स्टेनलेसच्या पट्ट्या. कंपनीच्या गाडीवर सिलच्या वरच्या कडेला बारीक शोभेची पट्टी असते, ती ठीक. पण अख्खं सिल झाकणारा चकचकीत पत्रा असेल तर तो काढून दाखवायला सांगा. विक्रेता ‘रंग खराब होईल’ म्हणाला तर खाली सिल कुजलं आहे असं धरून किंमत ठरवा. जुन्या सिलवर नवं सिल टोपीसारखं चढवून वेल्ड करण्याचीही फार जुनी पद्धत आहे. बाहेरून ते छान दिसतं, ताकद शून्य.

सिल नीट बदललं आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. सिलची दोन्ही टोकं दिसतात तिथे संपत नाहीत. पुढे ती मडगार्डच्या खालच्या भागामागे जातात, मागे चाकापुढच्या कोपऱ्यामागे. म्हणजे काम व्यवस्थित करायचं तर मडगार्डचा खालचा भाग आणि मागचा कोपरा कापून, सिल बसवून, मग ते तुकडे परत लावावे लागतात. कामचुकार माणूस दाराखालचा दिसणारा तेवढाच भाग बदलतो. मालकाकडे कामाचे फोटो मागा. खरं काम करवून घेतलेल्या माणसाकडे फोटो असतातच, तो ते न मागता दाखवतो. त्या फोटोंत दाराच्या चौकटीत आडवी सळी वेल्ड केलेली दिसायला हवी. रोडस्टरचं सिल कापताना बॉडी अशी धरून ठेवली नाही तर ती खचते आणि नवं सिल त्या खचलेल्या अवस्थेतच पक्कं होतं.

हे खचणं दाराच्या फटीत दिसतं. दार बंद करून मागची उभी फट वरपासून खालपर्यंत पाहा. चार-पाच मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी असेल तर उत्तम. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध बसली आहे, दोन्ही खांबांची डोकी एकमेकांकडे झुकली आहेत. मग पुढच्या क्रॉसमेंबरखाली (चाकांमधल्या आडव्या तुळईखाली) ट्रॉली जॅक लावून पुढची चाकं उचला आणि तीच फट पुन्हा पाहा. उचलल्यावर फट नजरेला कळेल इतकी बदलली, किंवा दार उघडताना अडकलं, तर त्या गाडीपाशी आणखी वेळ घालवू नका. सिलच्या मधोमध, खाली, कंपनीच्या जॅकसाठी बैठक असते. तिथे जॅक लावून पाहायचा मोह आवरा. ती जागा कुजकी निघाली तर जॅक आत शिरेल आणि भांडण तुमच्या गळ्यात पडेल.

बाकीचा पत्रा या क्रमाने बघा. पुढच्या मडगार्डची वरची बाजू, हेडलाइटच्या मागे आणि क्रोमच्या पट्टीजवळ. मडगार्ड बोल्टने बसवलेले असल्याने बदलता येतात, पण काही बोल्ट विंडस्क्रीन आणि डॅशबोर्डच्या बाजूने अवघड जागी आहेत, त्यामुळे ‘एका दुपारचं काम’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. मागची मडगार्ड वेल्ड केलेली असतात. दाराच्या पत्र्याला छोट्या तिकोनी काचेच्या मागच्या टोकाखाली उभी चीर पडते. हा या गाडीचा जन्मजात दोष आहे. चीर दिसली म्हणून घाबरू नका, पण ती पुट्टीने बुजवून रंगवलेली असेल तर बाकी कुठे काय बुजवलं असेल याचा अंदाज बांधा. सीटमागचं झाकण उघडून बॅटरीचे कप्पे पाहा. 1973 च्या गाडीला मुळात सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आता बहुतेकांनी बारा व्होल्टची एकच बसवलेली असते. ॲसिडने कप्प्यांचा तळ खाल्लेला असतो. त्याच्याच आसपास, खालून, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचं पुढचं टोक ज्या कंसात अडकतं ती जागा पाहा. तिथला गंज म्हणजे सिलच्या खालोखाल गंभीर बाब.

चुंबक जाड कापडात गुंडाळून फिरवा, म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही आणि पुट्टी कुठे जाड आहे ते कळेल. एक सावधगिरी: 1960 च्या दशकातल्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं. तिथे चुंबक चिकटत नाही म्हणून मालकावर आरोप करून बसू नका.

पायाखालचा गालिचा उचला आणि दाबा. ओला लागला तर कापडी हूड गळतंय असं लगेच समजू नका. विंडस्क्रीनपुढच्या जाळीतून हीटरसाठी जी हवा येते तिच्याबरोबर पाणीही येतं, आणि ते एका रबरी नळीतून खाली जातं. ती नळी पानं आणि मातीने तुंबली की पाणी पायाशी साचतं. नळी मोकळी करायला दहा मिनिटं लागतात. पण ती पाच वर्षं तुंबलेली असेल तर फ्लोअर बदलायला लागतो. पेट्रोलच्या टाकीचंही असंच आहे. ती वरून कुजते, कारण टाकी आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये ओली घाण अडकते. टाकी अर्धी असताना काही कळत नाही, काठोकाठ भरली की डिकीत वास सुटतो.

खर्चाचा अंदाज घ्या. दोन्ही बाजूंची सिल, कोपरे, फ्लोअर आणि मग रंग, हे सगळं चांगल्या गॅरेजकडून करून घेतलं तर काही हजार पौंड सहज जातात. इंजिन नव्याने बांधायला साधारण त्याहून कमी लागतं. ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर पूर्ण नवी बॉडीही बनवते, पण रंगाआधीच ती तुमच्या अख्ख्या बजेटच्या वर जाते. म्हणूनच खराब रंगाची, फाटक्या सीटची, पण ठणठणीत पत्र्याची गाडी तुमच्या या लाल गाडीपेक्षा चांगला सौदा असू शकते.

इंजिनाकडे येऊ. आदल्या दिवशीच फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विचारा का.

1798 सीसीचं हे बी-सिरीज इंजिन मजबूत आहे. 1964 च्या शेवटापासून क्रँकला पाच बेअरिंग आली, म्हणजे 1973 ची गाडी त्या बाबतीत चांगल्या काळातली. थंड सुरू होताना टॅपेटचा थोडा टकटकाट चालतो. तळातून येणारा जड ठोका चालत नाही. पूर्ण तापल्यावर तेलाचा दाब 3000 आरपीएमला 50 ते 70 पीएसआय, आयडलला 15 ते 25 असायला हवा. इंजिन ‘नुकतंच बांधलेलं’ असूनही आयडलला काटा दहाच्या खाली बसत असेल तर बांधलं म्हणजे बाहेरून रंगवलं. पावत्या मागा: क्रँक ग्राइंड केल्याची, पिस्टन कोणत्या ओव्हरसाइजचे त्याची, बेअरिंगची. ‘रीकंडिशन्ड’ या शब्दाला पावतीशिवाय किंमत नाही.

ॲक्सिलरेटर सोडून उतारावरून आल्यावर परत पाय दिला की निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. जोर देऊन चालवताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन 150 ते 170 पीएसआयच्या दरम्यान आणि एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असावं. मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा, दोन्ही एकदम कमी आले तर गॅस्केट किंवा त्या दोघांच्या सामाईक एक्झॉस्ट पोर्टपाशी हेडला तडा असण्याची शक्यता धरा.

हेडबाबत आणखी एक प्रश्न विचाराच: एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवल्या आहेत का? मूळ बिडाच्या सीटना पेट्रोलमधलं शिसं संरक्षण देत असे. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल 1999 च्या अखेरीस बंद झालं. तेव्हापासून मूळ हेडवर लांबचा, वेगाचा प्रवास केला की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. थंड इंजिनावर ती 0.015 इंच असायला हवी. मालक सांगत असेल की फट वारंवार जुळवावी लागते, तर हेड उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करा. पेट्रोलचं म्हणाल तर सप्टेंबर 2021 पासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप सुजवतं आणि फोडतं. सुपर प्रतीचं पाच टक्केवालं भरा आणि पाइप इथेनॉल सोसणाऱ्या आर9 प्रतीचे टाका. कार्ब्युरेटरखाली गरम एक्झॉस्ट असतो, तिथे टपकणारा पाइप ही थट्टेची गोष्ट नाही.

तेलाचे चार थेंब खाली पडले तर तो या इंजिनाचा स्वभाव आहे. डबकं साचलं तर नाही. क्लच मात्र लक्षपूर्वक पाहा, कारण तो बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. भाग स्वस्त, मजुरी जबर. रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं आणि पेडल दाबून धरलं की ते घासत राहतं. म्हणून सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढायची सवय लावून घ्या. मुंबई-पुण्यात शिकलेल्या हातापायांना हे जड जातं.

गिअर: दुसरा गिअर टाकताना कुरकुर होत असेल तर सिंक्रो झिजलाय. पहिल्या तीन गिअरमध्ये खरखर आणि चौथ्यात शांतता असेल तर लेशाफ्टची (गिअरबॉक्समधल्या खालच्या दांड्याची) बेअरिंग गेलीत. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे स्विचने लागणारा वरचा जादा गिअर, असलेली गाडी घ्या, हे मी जवळपास अट म्हणून सांगेन. 1973 ला ते ऐच्छिक होतं, 1975 पासून सगळ्यांना मिळालं. नुसत्या चौथ्यात 1000 आरपीएमला साधारण 18 मैल वेग मिळतो, ओव्हरड्राइव्हमध्ये जवळपास 22. ताशी 70 मैलांना 3900 आणि 3200 एवढा फरक. मोटरवेवर दोन तास बसल्यावर तो कानांना कळतो. तपासताना 45-50 मैल वेगाला चौथ्यात स्विच टाका. आरपीएमचा काटा लगेच, एका ठोक्यात खाली यायला हवा. काहीच झालं नाही तरी लगेच निराश होऊ नका. बरेचदा वायर तुटलेली, गिअरबॉक्सवरचा स्विच बिघडलेला किंवा तेल कमी असतं. पण ‘फक्त वायर आहे’ असं मालक म्हणत असेल तर त्याने ती का जोडली नाही, हाही प्रश्न आहे.

तारांची चाकं दिसायला सुंदर आणि सांभाळायला कटकटीची. मागचं चाक उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक हाताने पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर हबचे दाते झिजलेत, आणि मग हब व चाक दोन्ही बदलायला लागतात. नुसतं चाक बदललं तर जुना हब नवं चाक खातो. प्रत्येक तारेवर पान्याने हलकं वाजवा. बद्द आवाज आला की तार सैल. हीच चाचणी करताना पुढचं चाकही वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावरही खेळ राहत असेल तर दोष बेअरिंगचा नाही, किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिचा. किंगपिनला दर 3000 मैलांनी ग्रीस लागतं, आणि एमओटी या वार्षिक चाचणीतून सूट मिळाल्यापासून ते कित्येक गाड्यांना मिळालेलंच नाही. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांवरचा टायर, नक्षी भरगच्च असली तरी, बदलायचा.

एमओटीची सूट कागदपत्रं वाचतानाही लक्षात ठेवा. मे 2018 पासून 40 वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक चाचणी सक्तीची नाही, आणि रोड टॅक्सही शून्य आहे. 2005 नंतरच्या चाचण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट दिसतो. तुमच्या गाडीची शेवटची चाचणी 2017-18 ची असेल, त्यात सिलजवळच्या गंजाचे शेरे असतील आणि रंग त्यानंतरचा असेल, तर त्या रंगाखाली काय केलं हे कोणत्याही परीक्षकाने पाहिलेलं नाही. विक्रेत्याला सांगा, ‘तुमच्या खर्चाने नको, माझ्या खर्चाने एमओटी करू’. कमाल फी 54.85 पौंड. गाडी लिफ्टवर चढते आणि तुम्हाला खाली उभं राहून पाहता येतं, एवढ्यासाठीही ते पैसे वसूल आहेत. जो नकार देईल त्याचं उत्तर मिळालं. इंजिनच्या खणातल्या पाटीवरचा नंबर व्ही5सी या नोंदणीच्या कागदाशी जुळवा. 1973 च्या रोडस्टरचा नंबर जीएचएन5 ने सुरू होतो. जीएचडी5 असेल तर ती मुळात जीटी, आणि कोणीतरी छप्पर कापलं आहे.

रबरी बंपरबद्दल. 1974 च्या शेवटी अमेरिकी नियमांसाठी काळे बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली गेली. त्याच वेळी रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही काढला, त्यामुळे 1975-76 ची गाडी वळणावर लवंडते. 1977 च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्हीकडे बार आले, विजेचा पंखा आला, ओव्हरड्राइव्ह होतंच. म्हणून चालवायचीच असेल तर 1977 नंतरची रबरी बंपरवाली घ्या. क्रोमवालीच्या पैशात तिचा पत्रा एक पायरी चांगला मिळतो. नंतर क्रोम बंपर बसवू असा बेत असेल तर तो सोडा, त्यात पुढे-मागे वेल्डिंगचं काम आहे. जीटीचाही विचार करा: छप्पर असल्याने बॉडी ताठ, आणि किंमत रोडस्टरहून सहसा कमी.

पुण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. भारतात 50 वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज डेक्कनवरून कर्वेनगरला जाता येणार नाही. आयातीच्या अटी आणि सीमाशुल्काचा त्या दिवशीचा दर एजंटाकडून लेखी घेतल्याशिवाय या हेतूने गाडी घेऊ नका. शिवाय आपल्याकडच्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल आहे, म्हणजे आर9 पाइप तिथे तर हवेतच.

आणि गाडी घेतलीच, तर पहिल्या आठवड्यातली कामं: 20डब्ल्यू-50 तेल, फिल्टरसह साधारण सव्वाचार लिटर. प्लग बीपी6ईएस, फट 0.025 इंच. कूलंट, ब्रेक फ्लुइड नवं. किंगपिनच्या दोन्ही बाजूंच्या तिन्ही निपलना ग्रीस, चाकं जमिनीवरून उचललेली असताना, म्हणजे ते आतपर्यंत जातं. ॲग्रीड व्हॅल्यूचा (किंमत आधीच ठरवून घेतलेला) विमा, फोटोंसकट. ऑक्टोबरात मीठ पडायला लागण्याआधी सिलच्या खाचा तारेने मोकळ्या करा आणि कोरड्या हवेचे दोन-तीन दिवस गाठून, मेण कोमट करून, लांब नळीने सिलच्या आत फवारा. मेण खाचांतून खाली ठिबकायला लागलं की थांबा. खाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका, ते दोन दिवस ठिबकत राहतं.